गृहशीतन व गृहतापन, जुन्नर–आंबेगाव परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत घर उन्हाळ्यात थंड, पावसाळ्यात कोरडे व हिवाळ्यात ऊबदार राखण्याच्या ज्या पद्धती रूढ झाल्या, त्यांत कोणते दोष उत्पन्न होत आणि त्यांचे निवारण कसे केले जाई, याचा इतिहास. या प्रदेशात घर थंड किंवा गरम करण्याचे स्वतंत्र यंत्र अगदी अलीकडेपर्यंत नव्हते. भिंत, छप्पर, चूल आणि दरवर्षीची डागडुजी हीच येथील यंत्रणा होती. तिच्यात बिघाड झाला की दोष शोधून दुरुस्त करण्याचे काम घरच्याच माणसांकडे असे. एका दोषावर केलेला उपाय बहुधा दुसऱ्या दोषाला जन्म देई, हे या इतिहासात वारंवार दिसून येते.

दोन्ही तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेला असून तेथे पावसाळ्याचे चार महिने झड, धुके व वारा यांचा मारा असतो. कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतून पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि नारायणगाव, मंचर यांच्या पूर्वेस कोरडे पठार लागते. तेथे उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या आसपास जातो, तर हिवाळ्यातील रात्री तो १०° से.च्याही खाली उतरतो. पश्चिमेच्या घराचा शत्रू ओल, तर पूर्वेच्या घराचा शत्रू ऊन. एकाच तालुक्यात घरबांधणीच्या दोन भिन्न परंपरा वाढल्या, त्याचे कारण हे आहे.

या परिसरातील सर्वांत जुनी वस्तीची दालने म्हणजे जुन्नरच्या सभोवतालची बौद्ध लेणी. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी व तुळजा या डोंगरांत इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे ती खोदली गेली. भिक्षूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी वास करावा असा नियम असल्याने ही दालने मुख्यतः वर्षावासासाठी होती. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत. जुन्नर सु. १९° उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४७° वर असतो व त्याची उन्हे ओसरीत आत येतात. मे महिन्यात तो जवळजवळ डोक्यावर असल्याने कपारीची सावली ओसरीवर राहते. ही योजना हेतुपुरस्सर होती की डोंगराच्या कड्याने ती आपोआप साधली, हा प्रश्न वेगळा. लाभ मात्र दोन्ही ऋतूंत मिळत असे.

कातळातील खोली थंड का राहते, याचे उत्तर खडकाच्या औष्णिक गुणधर्मांत आहे. दिवसा तापणे व रात्री निवणे यांची लाट बेसाल्ट खडकात शिरताना दर सु. १५ सेंमी.ला जवळजवळ तृतीयांश उरते. अर्ध्या मीटरच्या आत ती नाममात्र होते आणि तिला पोहोचायलाही सु. बारा तास लागतात. वर्षाची, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्याची, लाट यापेक्षा बरीच खोलवर जाणवते, पण तीही खोलीनुसार क्षीण होत जाते. म्हणून खोल कोरलेल्या खोलीत बाराही महिने हवामान फारसे बदलत नाही. या खोल्यांचा खरा दोष उष्णतेचा नसून पाझराचा. बेसाल्टाच्या दोन थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यातून व खडकाच्या भेगांतून पावसाळ्यात पाणी झिरपते. त्याला वाट देण्यासाठी पन्हळी कोरणे, तसेच दर्शनी भागावरून ओघळणारे पाणी बाहेर टाकणे ही कामे लेणी खोदणाऱ्यांनी केलेली दिसतात. शेजारीच पाण्याची टाकी खोदलेली असत. शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. जुन्नरच्या एका लेखात इरिल नावाच्या यवनाने दोन पोढींचे दान केल्याची नोंद आहे. कातळाच्या पोटात, उन्हाआड राहिलेले हे पाणी भर वैशाखातही गार असते.

तापनाच्या दोषांची भारतातील एक अतिशय जुनी नोंद बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांतच सापडते. विनयपिटकातील चुल्लवग्गात जंताघर, म्हणजे अग्नीने तापविलेली स्नानाची खोली, बांधण्याची अनुज्ञा आहे. जीवक वैद्याने आजारी भिक्षूंसाठी ती मागून घेतली, असे तेथे सांगितले आहे. अनुज्ञेनंतर येते ती तक्रारींची लांबलचक मालिका. धूर कोंडू लागला, तेव्हा धूर जाण्यासाठी ‘धूमनेत्त’ ठेवण्याची परवानगी मिळाली. लहान खोलीच्या मध्यभागी चूल मांडल्याने वावरायला जागा उरेना, म्हणून लहान खोलीत ती एका बाजूस व मोठीत मध्यभागी मांडावी असे ठरले. आच तोंडाला लागते म्हणून तोंडाला माती लावावी. जमिनीवर चिखल होतो म्हणून विटा, दगड वा लाकूड यांची फरसबंदी करावी. पाणी साचते म्हणून मोरी काढावी. प्रत्येक उपायाने पुढची अडचण उघडी पडते व तिच्यासाठी नवा नियम होतो. संघाच्या नियमग्रंथात मोरी व धुराड्याचा असा तपशील आढळावा, हे थोडे नवलाचे आहे; पण ज्या संघाला शेकडो भिक्षूंच्या वर्षावासाची सोय पाहायची होती, त्याला यावाचून गत्यंतरही नव्हते.

मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली, ती जुन्नर येथे. राजधानी पुढे अहमदनगरास गेली. शिवनेरीवर हमामखान्याची वास्तू आहे. हमाम म्हणजे उष्ण स्नानगृह. इराण व तुर्कस्तानातून दख्खनच्या दरबारांत आलेल्या या प्रकारात खालच्या किंवा शेजारच्या भट्टीची उष्णता स्नानाच्या खोलीस मिळते. हमामाची रचना जेवढी बंदिस्त, तेवढी ती कार्यक्षम. पण हाच बंदिस्तपणा प्राणघातक ठरू शकतो. फिरिश्ता या इतिहासकाराच्या वृत्तांतानुसार १५८८ मध्ये पहिल्या मुर्तझा निजामशाहास त्याच्या मुलाने अहमदनगर येथे स्नानगृहात कोंडून, दारे-खिडक्या बंद करून व खाली मोठा जाळ लावून ठार मारले. दरबारी कारस्थानाचा हा प्रसंग तापनाच्या एका मूलभूत धोक्याचेही उदाहरण आहे. त्या धोक्याचा घरगुती अवतार पुढे येतो.

जुन्नर, घोडेगाव, ओतूर यांसारख्या बाजारगावांत मराठेशाहीच्या काळात व नंतर वाडे उभे राहिले. जोत्यापर्यंत काळा दगड, वर पांढऱ्या मातीची किंवा विटांची जाड भिंत, मध्ये चौक आणि चौकाभोवती ओसऱ्या ही त्यांची सर्वसाधारण रचना. चौकातून तापलेली हवा वर जाते व ओसरीतून थंड हवा तिची जागा घेते. अर्धा मीटर वा अधिक जाडीच्या मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूस पहाटेच्या सुमारास क्षीण होऊन पोहोचते, तेव्हा ती नकोशी वाटत नाही. माजघर सर्वांत आतले, म्हणून उन्हाळ्यात दुपारी व थंडीत रात्री सगळे घर तेथेच एकवटे.

पूर्वेकडील कोरड्या गावांत धाब्याची घरे होती. तुळया, त्यांवर किलचा, त्यावर पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे हे सपाट छप्पर उन्हाला दाद देत नाही. त्याचे वैर पाण्याशी. मृग नक्षत्राच्या आधी धाब्यावर उगवलेले गवत उपटणे, भेगांत नवी माती भरणे, धुमसाने ती चोपणे व पन्हळीची तोंडे मोकळी करणे ही कामे चुकली की पावसाळ्यात घर गळे. गवत समूळ न उपटता वरवर कापले, तर मुळांच्या वाटेने पाणी उतरे. गळती थांबावी म्हणून दरवर्षी नुसता थरावर थर दिला, तर भार वाढून तुळया वाकत. जाणता माणूस आधी जुनी माती खरवडून काढी व मगच नवी घाली. धूर व उजेड यांसाठी धाब्याला साणे ठेवीत. पावसात ते झाकावे तर स्वयंपाकघर धुराने भरे, उघडे ठेवावे तर चूल भिजे. या पेचावर पूर्ण उपाय कधीच निघाला नाही. पावसाळ्यात घरातील बाई डोळे चोळत भाकरी भाजी, हीच त्याची किंमत होती.

पश्चिमेकडील महादेव कोळी व इतर शेतकरी समाजांची घरे याहून अगदी निराळी. लाकडाच्या मेढी, त्यांवर आढे, आढ्यापासून दोन्ही बाजूंस उतरणारे वासे, आणि भिंतींऐवजी कारवीच्या काठ्यांचे कुड. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते व मग वाळते. तिच्या सरळ काठ्या शेजारीशेजारी बांधून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपल्या की कुड तयार होतो. छपरावर गवत किंवा भाताचा पेंढा. वाऱ्याच्या बाजूचे पाखे बरेच खाली आणलेले, दार ठेंगणे, खिडकी बहुधा नाहीच. गुरे त्याच छपराखाली एका बाजूस बांधलेली असत. हे घर बाहेरून अंधारे व कोंदट वाटे. पण आठ-आठ दिवस ऊन न पडणाऱ्या प्रदेशात त्याचा प्रत्येक कोपरा उष्णता धरून ठेवण्यासाठी होता. गुरांच्या अंगाची ऊब, चुलीचा सततचा विस्तव आणि हवा अडकवून ठेवणारे गवताचे जाड छप्पर, या तिन्हींवर पावसाळा निघे.

या घरात चूल विझू देत नसत. रात्री निखारे राखेखाली पुरून ठेवीत व पहाटे फुंकणीने फुलवीत. चुलीच्या वर माळा असे. त्यावर जळण, बियाणे, दोर, इरली असे ओलाव्याने बिघडणारे सारे ठेवीत. धुराला स्वतंत्र वाट नसल्याने तो माळ्यातून वर जाऊन छपराच्या गवतातून हळूहळू झिरपे. या धुरामुळे वासे काळे व टणक होत, बांबूला भुंगा लागत नसे, गवत लवकर कुजत नसे व डासही कमी असत. ज्या दोषाने घरातील स्त्रियांचे डोळे व छाती जात होती, तोच दोष छपराचे आयुष्य वाढवीत होता. बाहेरून आलेल्या सुधारकांना यातील पहिली बाजू दिसली. दुसरी बहुधा दिसली नाही.

घर शाकारणे हे येथील वर्षाचे मोठे काम. रोहिणी नक्षत्राच्या आत ते आटोपावे लागे. जुन्या गवताचा वरचा कुजका थर काढून नवे गवत खालून वर, एकावर एक चढवीत बांधायचे. उतार कमी ठेवला तर पाणी मुरे, जास्त ठेवला तर गवत घसरे. गळती दिसली की ती जेथे टिपकते तेथेच दोष आहे असे धरून चालत नाही. पाणी वाशावरून ओघळत येऊन दूरवर टिपकते. म्हणून भर पावसात आत उभे राहून वाशावरील ओला माग वरपर्यंत पाहायचा आणि तेथे बाहेरून पेंढी खोचायची, ही रीत होती. शाकारणीस सारी वाडी एकमेकांच्या घरी राबे. ज्याच्या घरी हात कमी किंवा पेंढा गुरांनाच पुरत नसे, त्याचे छप्पर पातळ राही, आणि श्रावणात ते सर्वांना दिसे.

बंद खोलीतील विस्तवाचा धोका गरीब-श्रीमंत दोन्ही घरांत सारखाच. बाळंतिणीची खोली बंद ठेवून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची व ओवा-बाळंतशेपांची धुरी देण्याची चाल सर्वत्र होती. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हीमोग्लोबिनाशी तो ऑक्सिजनाच्या दोनशेहून अधिक पट दृढतेने संयोग पावतो. डोके जड होणे, मळमळ, ग्लानी ही लक्षणे बाळंतपणाच्या अशक्ततेची समजली जात. निखारे बाहेर पुरते फुलवून, धूर संपल्यावर मगच आत आणावेत असा जाणत्या सुइणींचा दंडक होता. त्याने धूर टळतो. वायू मात्र पूर्णपणे टळत नाही. दार किंवा झरोका उघडा ठेवणे हाच खरा उपाय, आणि ‘वारा लागेल’ या भीतीने नेमका तोच टाळला जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घराची सामग्री बदलू लागली. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातील लाकूड व कारवी तोडण्यावर निर्बंध आले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य जाहीर झाल्यावर आंबेगावच्या पश्चिम भागात ते अधिक कडक झाले. मंगलोर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला. तेथील चपटी, खाचेची कौले हळूहळू देशभर पसरली. त्यापूर्वीची नळीची कौले कुंभार बनवीत आणि ती दर उन्हाळ्यात परतावी लागत. माकडांनी किंवा मांजरांनी सरकविलेले एक कौल एका खोलीची झोप घालवीत असे. कौलाने गवताची आग व कूज टळली, पण फटींतून वारा शिरू लागला व पावसाळ्यातील ऊब कमी झाली.

याहून मोठा बदल पन्हळी पत्र्याने घडवला. शाकारणीचे कष्ट एका दिवसात संपले, म्हणून पत्रा लोकांनी आनंदाने स्वीकारला. त्यात त्यांची चूक नव्हती. परंतु अर्धा मिमी. जाडीच्या पत्र्याला उष्णता थोपविण्याची काहीच शक्ती नाही. एप्रिल-मेमध्ये दुपारी तो ६०° से.पर्यंतही तापतो आणि ती आच थेट खाली टाकतो. उलट हिवाळ्यातील निरभ्र रात्री तो आकाशाकडे उष्णता टाकून बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. मग स्वयंपाकाची वाफ व माणसांचे श्वास त्याच्या खालच्या अंगाला दव होऊन जमतात आणि पहाटे अंथरुणावर टिपकतात. पत्रा गळतो असे समजून लोक वरून डांबर लावतात. दोष भोकाचा नसून वाफेचा असल्याने त्याचा उपयोग होत नाही. आढ्याजवळ हवेला वाट ठेवणे व पत्र्याखाली बांबू-तट्ट्याचे किंवा गोणपाटाचे छत बांधणे हा त्यावरील उपाय. उन्हाळ्यासाठी पत्र्यावर कडबा, पाचट वा गवत पसरतात, चुना मारतात. यांपैकी कडब्याने बरीच थंडाई येते. मात्र पाऊस येण्याआधी तो उतरवला नाही, तर खाली पत्रा गंजतो.

घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात (हुतात्मा बाबू गेनू सागर) ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगावच बुडाले. काही कुटुंबे जलाशयाकाठच्या वरच्या उतारांवर सरकली, काही पूर्वेच्या सपाटीवर गेली. पूर्वेस गेलेल्यांना पावसाच्या झडीसाठी घडलेले बंद घर उन्हात नको झाले आणि उतारावर राहिलेल्यांना ओळखीचे जळण व गवत दूर झाले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगराचा कडा कोसळून दीडशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथील पुनर्वसन सिमेंट-काँक्रीटच्या घरांत झाले. घर कसे आहे यापूर्वी ते कोठे उभे आहे हा प्रश्न त्या दुर्घटनेने समोर आणला.

काँक्रीटच्या छताचा दोष पत्र्याहून वेगळा. दहा-बारा सेंमी. जाडीच्या स्लॅबमधून दुपारची उष्णता तीन-चार तासांनी आत येते, म्हणजे नेमकी संध्याकाळी, माणसे घरी परतताना. जुन्या जाड भिंतीचा लाभ उशिरात होता. येथे उशीर आहे, पण पुरेसा नाही. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालणे, चुन्याची सफेदी करणे, छतावर मांडव घालून वेल चढविणे हे उपाय उपयोगी पडतात. सायंकाळी छतावर पाणी मारल्याने तात्पुरता गारवा येतो. मात्र छतास भेगा असतील तर हेच पाणी आतील सळयांना गंज चढवते.

चुलीच्या सुधारणेचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३–८४ च्या सुमारास सुरू झाला व २००२ पर्यंत चालला. धुराडे असलेली निर्धूर चूल अनेक गावांत बसविण्यात आली. पुष्कळ ठिकाणी ती दोन-तीन वर्षांत मोडली किंवा पुन्हा साधी करून घेतली गेली. नळ आढ्याच्या वर पुरेसा नेला नाही, की वाऱ्याने धूर उलटा घरात येई. काजळी महिन्या-दोन महिन्यांनी काढली नाही, की नळ तुंबे. नळ गवताच्या छपरातून नेला, की आगीचे भय. वैल ठरलेल्या मापाचा असल्याने घरचे भांडे त्यावर बसत नसे. जेथे ती नीट चालली, तेथे माळ्यावरचा धूर गेला आणि काही वर्षांनी वाशांतून भुशाची बारीक पूड पडू लागली. छपराला भुंगा लागला होता. वाशांना तेल किंवा डांबर लावणे आता वेगळे काम झाले. २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर गॅसची जोडणी वाड्यावस्त्यांवर पोहोचली. तरी आंघोळीचे पाणी तापविण्यास आणि पावसात अंग शेकण्यास लाकडाची चूल पुष्कळ घरांत राहिली.

पूर्वेकडे बागायत व वीज आल्यावर पंखे आणि मागोमाग पाणी झिरपविणारे कूलर आले. त्यांचे तत्त्व माठाचे किंवा खिडकीला बांधलेल्या वाळ्याच्या ताटीचेच आहे : बाष्पीभवनाने उष्णता शोषली जाते. हवा ३८° से. व सापेक्ष आर्द्रता २० टक्के असताना ओल्या पृष्ठभागाचे तापमान २१° से.च्या आसपास उतरू शकते. जूनमध्ये ३०° से. व ८० टक्के आर्द्रतेत ते जेमतेम तीन अंश उतरते. म्हणून मृग लागला की कूलर ‘बिघडतो’. खरोखर बिघडलेल्या कूलरचे कारण बहुधा पाणी असते : विंधनविहिरीच्या जड पाण्यातील क्षार गवताच्या गादीत साचून हवेची वाट बुजते. जुना माठ पाणी गार करीनासा होतो तोही याच कारणाने. दुसरे कारण बंद खिडकी. कूलरने आत आणलेली ओली हवा बाहेर जाण्यास वाट नसेल, तर खोली थंड न होता दमट होते.

हवेला वाट देण्याचे हे तत्त्व या तालुक्यांतील शेतकरी घराबाहेर फार काटेकोरपणे पाळतो. कांदा साठविण्याच्या बराखीत तळाशी व बाजूंनी वारा खेळता ठेवतात, वर जाड सावली करतात आणि पावसाच्या बाजूस ताट्या बांधतात. एका बाजूचा कांदा सडू लागला की वारा कोठे अडला ते आधी पाहतात. सातगाव पठारावर बटाट्याची आरण लावतानाही झाडाची सावली व पाचटाचा थर यांचा असाच हिशेब असतो. अनेक वस्त्यांवर राहते घर पत्र्याचे आणि त्याशेजारी कांद्याची बराखी गवताने शाकारलेली असे दृश्य दिसते. एप्रिलच्या दुपारी घरातील वृद्ध माणसे बराखीच्या आडोशाला खाट टाकून बसलेली असतात.